समुद्राची खोती

गुहागरच्या रस्त्यालगतच्या घरांच्या मागीलदारी गेले, तर प्रत्येकाच्या पाठीशी माडापोफळींची एक अरुंद, लांबच लांब वाडी पश्चिमेकडे सरकत पुळणीला भिडलेली दिसते. आमचीही तशीच, आणि तिच्यात विहिरीच्या पलीकडे, माडांच्या सावलीतून कसाबसा सुटलेला जो दीड गुंठ्याचा तुकडा आहे, त्यात मी भाजी करतो. सातबाराच्या उताऱ्यावर मालक म्हणून नाव माझे असले, तरी खरा अंमल समुद्राचा. १९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती मोडली, खोतांचे हक्क दफ्तरजमा झाले. परंतु ह्या सनातन खोताला त्या कायद्याची नोटीस अद्याप कोणी बजावलेली नाही. दुपार कलली की तो वाऱ्याकरवी तगादा लावतो आणि काकडीच्या कोवळ्या पानांची किनार तांबूस करपवून आपला सारा वसूल करून नेतो.

वाळूला पाणी धरण्याची सवय नाही, ती लावावी लागते. हात-दीड हात माती उपसून तळाशी नारळाची सोडणे उताणी रचायची, म्हणजे त्यांच्या खोबणीत ओल साठून राहते. वर शेणखत, चुलीतली राख आणि मूठमूठ मासळीचे कूट, ज्याच्या दर्पाने पाहुणे पडवीतूनच निरोप घेतात. एवढे केल्यावर लाल माठ व मुळा विनातक्रार येतात. पालक आणि बीट ही एकाच कुळातली भावंडे खारेपणा निमूटपणे सोसतात. बीटाचे रानटी पूर्वज युरोपच्या सागरतीरावरच वाढणारे, तेव्हा त्यांना हा शेजार घरचाच वाटत असावा. श्रावणघेवडा मात्र अतिशय मानी. मिरचीही मूळची परदेशस्थ, पोर्तुगिजांच्या गलबतांतून ह्याच पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली. पण आज तिला परकी म्हणण्याची आमच्या स्वयंपाकघरात कोणाची छाती नाही.

पडवळाचे कौतुक मला सर्वांत अधिक. फळ वेटोळे घालू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात. भाद्रपदातल्या उघडिपीत वारा सुटला, की मांडवाखाली लोंबणारे ते दगड एकमेकांवर आपटून हलकेच टकटक वाजू लागतात, आणि हातातले वर्तमानपत्र मिटून मी उगीचच ऐकत बसतो.

एकदा मात्र लोभाने घात केला. रहाटाचा कंटाळा येऊन मी विजेचा पंप बसवला आणि ऐन चैत्रात सकाळ-संध्याकाळ वाफे तुडुंब भरू लागलो. "भाऊ, बाव एवढी उपसू नका, खालचं वर येईल," असे गड्याने दोनदा बजावले. मी ते त्याच्या आळसाच्या खाती टाकले. वास्तविक त्याच्या म्हणण्यात भूजलशास्त्र होते. किनाऱ्यावर गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक फूट असली, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, आणि वरचा एक फूट ओढून नेला, तर त्याच हिशेबाने कालांतराने खारे पाणी चाळीस फूट वर चढते. वैशाखात घेवडा मुळापासून गेला. चहा मचूळ झाला, आणि ह्याबद्दल घरातून जी फिर्याद दाखल झाली तिला माझ्यापाशी जबाब नव्हता.

पुढे मृगाचा पाऊस लागला. ज्या वाळूला मी आठ महिने पाणी न धरल्याबद्दल दूषणे देत असे, तिनेच आषाढ संपेतो आपल्या अंगातले सगळे मीठ पावसाच्या हवाली करून वाफे धुऊन मोकळे केले. विहीर निवळायला मात्र आणखी एक पावसाळा जावा लागला.

आता रहाट पुन्हा चढवला आहे आणि उन्हाळ्यात रोज वीस कळशांवर एकविसावी काढायची नाही, असा घरचा कायदा आहे. पंप पडवीत पडून आहे. सड्यावर राहणाऱ्या कोणाला हवा असेल, तर त्याने खुशाल घेऊन जावा.