चारोळीचा भाव कुणाला ठाऊक?

गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलपट्ट्यात एकेकाळी व्यापारी मीठ देऊन चारोळी नेत. या सौद्यात माडिया आदिवासी माणसाकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते. तरीही तो नागवला गेला, कारण शहरात चारोळीला काय भाव मिळतो हे एकट्या व्यापाऱ्याला ठाऊक होते. ज्याला जास्त माहिती, भाव त्याच्या हाती, हा बाजाराचा जुना नियम. इंटरनेटवरच्या खरेदीलाही तो लागू पडतो. मोबाइलवर चप्पल शोधणाऱ्याने काय पाहिले, कशापाशी तो रेंगाळला, मागच्या वेळी किती पैसे मोजले, राहतो कुठे, हे सारे दुकानाला कळते. ही माहिती पुढे कुठे जाते, हे मात्र त्याला कळत नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. खासगीपणा गमावला की गुपितापेक्षा घासाघीस करण्याची ताकद आधी जाते.

यावर कुणी म्हणेल, आठवडी बाजारातला दुकानदारही गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची माहिती ठेवतोच. खरे आहे, पण गिऱ्हाईकही त्याला तेवढेच ओळखते आणि उधारीची वही दुकानाबाहेर जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात ज्या भामरागड तालुक्याचा संपर्क तुटत आला, तिथे घरपोच वस्तू मिळणे ही मोठी सोय आहे, आणि पत्ता दिल्याशिवाय ती मिळणार कशी? पत्ता द्यावाच; पण फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर कशाला? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातच असे उदाहरण आहे: वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादीही मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने तेवढ्यापुरता तो होकार धरला जात नाही.

तरीही कायद्याची बरीचशी भिस्त संमतीवरच आहे. माहिती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचण्याची सोय द्यावी, असे तो सांगतो. या यादीत मराठी आहे, गोंडी नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते. माडिया बोलणाऱ्याच्या भाषेलाही या यादीत जागा नाही. मग न समजलेल्या मजकुराखाली ‘मान्य’वर टेकलेले बोट ही संमती कशी मानायची? आणि मराठी वाचणारे तरी तो मजकूर कितीसे वाचतात? एकेकट्याच्या शहाणपणावर सोडलेला सौदा बलवानाच्याच पारड्यात झुकतो.

यावरचा उपाय गडचिरोलीने वनोपजाच्या बाबतीत दाखवला आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. विकणारे गाव एक झाले, तेव्हा भाव विचारण्याची ऐपतही आली. ग्राहकांचेही तसेच आहे. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती नको, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावले, ते तक्रारी येऊ लागल्यावर. तेव्हा प्रत्येकाने सावध राहावे, एवढा उपदेश पुरेसा नाही. कोणती माहिती का हवी, हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच असावा, आणि त्याला जाब विचारायला ग्राहक संघटना व ग्रामसभा यांनी ग्राहकाच्या बाजूने उभे राहावे.