‘आजच्या दैवा’च्या देवळामागें

रोम शहरीं जाणारा प्रवासी बहुधा कोलोसियम व सेंट पीटरचें मंदिर पाहून परततो. आम्हांस मात्र ज्युलिअस सीझर जेथें पडला ती जागा पाहावयाची होती. ती लार्गो दि तोरे अर्जेंतिना नांवाच्या चौकांत आहे. चोहोंकडे मोटारींची वर्दळ, आणि मध्यें रस्त्याच्या पातळीखालीं खोल गेलेलें प्राचीन आवार. १९२६ ते १९२९ च्या दरम्यान झालेल्या उत्खननांत येथें चार देवळें उघडीं पडलीं. २०२३ सालीं आंत हिंडण्यास पदपथही झाला. भग्न खांबांच्या आश्रयास मांजरें खुशाल ऊन खात पडलेलीं असतात.

त्यांपैकीं एक देऊळ वाटोळ्या आकाराचें आहे. विद्वानांच्या मतें तें ‘आजच्या दिवसाच्या भाग्यदेवते’चें. कातुलस नामक सेनापतीनें इ. स. पूर्वीं १०१ मध्यें ऐन लढाईंत त्याचा नवस केला होता. उद्यांचें नव्हे, केवळ आजचें दैव! त्याच्याच पाठीमागें जें दगडी जोतें दिसतें, तो पाँपीच्या सभागृहाचा अवशेष. इ. स. पूर्वीं ४४ च्या १५ मार्च रोजीं सीझरचा वध झाला तो येथेंच.

सीझर नुसता योद्धा नव्हता, ग्रंथकारही होता. गॉल देशांतील युद्धांचा वृत्तांत त्यानें स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषीं करून लिहिला. इ. स. पूर्वीं ५७ मध्यें साबिस नदीकांठीं शत्रूनें अवचित गांठलें, तेव्हां पिछाडीच्या एका शिपायाची ढाल घेऊन तो आघाडीस गेला व नायकांना नांवानें हांका मारूं लागला. हें धैर्य. इ. स. पूर्वीं ४८ मध्यें दुर्राखियम येथें त्याचा पराभव झाला, आणि थोड्याच आठवड्यांनीं फार्सालस येथें त्यालाच विजय मिळाला. क्षुल्लक कारणांनीं युद्धाचें पारडें कसें फिरतें, हें त्यानें मोकळेपणीं नमूद केलें आहे. हें दैव.

परंतु त्याचें खरें मर्मज्ञान मनुष्यस्वभावाचें. इ. स. पूर्वीं ५६ मध्यें त्याच्या एका सरदारानें, फितूर होऊन आल्याची बतावणी करणारा एक गॉल शत्रूकडे धाडला. रोमन लोक भ्याले आहेत, ही त्याची थाप शत्रूस गोड वाटली. ते छावणीचा चढ धांवत चढून आले आणि दमलेले असतांच मारले गेले. मनास जें हवें असतें तें माणूस पुरावा न मागतां खरें मानतो, असा बोध सीझरनें त्यांतून काढला.

त्याच वर्षीं सीझरच्या आरमाराचा नायक डेसिमस ब्रूटस होता. पुढें बारा वर्षांनीं, त्या अखेरच्या सकाळीं, पत्नी काल्पूर्निया अशुभ स्वप्नामुळें घरीं राहण्याविषयीं विनवीत होती, व सीझर थांबावयास राजीही झाला होता. तेव्हां हाच ब्रूटस घरीं आला आणि गोड बोलून त्यास घेऊन गेला. वाटेंत कोणीं कटाची सूचना देणारा कागद हातीं दिला, तो न वाचलेलाच राहिला. अंगावर २३ घाव पडले.

शत्रूच्या मनांतील जें छिद्र त्यानें अचूक हेरलें, तें स्वतःच्या मनांत त्यास दिसलें नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांच्या वह्यांतील चुकांखालीं तांबड्या रेघा ओढल्या. आपली वही तपासण्याचें सुचलें तें त्या जोत्यासमोर उभे असतां. सीझरपाशीं धैर्य होतें, दैवही पुष्कळ दिवस होतें. त्या एका दिवशीं आत्मपरीक्षणाची गरज होती, आणि तेवढेंच उणें पडलें.