फ्रीगंजमधला ‘फ्री’

उज्जैनच्या स्थानकावर उतरलेला यात्रेकरू बहुधा थेट महाकालेश्वराची वाट धरतो. देऊळ, क्षिप्रेचा घाट, गोपाळमंदिर आणि जुन्या नगरीतील अरुंद गल्ल्या एवढीच त्याची उज्जयिनी. रुळांच्या दुसऱ्या अंगाला, पूल ओलांडून गेल्यावर लागणारे फ्रीगंज त्याच्या यात्रेत येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. येथे पाहण्याजोगे आहे तरी काय? जुन्या शहराच्या मानाने सरळ व रुंद रस्ते, मधोमध घड्याळाचा टॉवर, त्याच्या भोवती कापडाची, वह्या-पुस्तकांची, चष्म्यांची दुकाने आणि संध्याकाळी फिरावयास बाहेर पडलेली कुटुंबे. आमचे सारे आयुष्य याच टॉवरच्या अवतीभोवती गेले. सरकारी शाळेतून हिंदी माध्यमात मुलांना शिकवावे आणि घरी येऊन मराठीत श्वास घ्यावा, असा आमचा परिपाठ.

फ्रीगंज हे नाव ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यांना हसू येते. पुण्याच्या एका आप्तांनी तर “तुमच्याकडे काय काय फुकट मिळते?” असे गंभीरपणे विचारले होते. हे नाव कसे पडले, यावर आमच्या लहानपणी ओसरीवर नित्य वाद होई. शिंदे सरकारने ही नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना करांतून मोकळीक दिली, म्हणून ती फ्रीगंज, असे आमचे वडील सांगत. शेजारच्या आजोबांचे म्हणणे असे की, जागाच विनामूल्य दिल्या होत्या. एकाच्या मते ‘फ्री’ म्हणजे मुक्त. दुसऱ्याच्या मते फुकट. दोघेही हा वाद अनिर्णित ठेवून निजधामास गेले. तोच वाद अनेक वर्षांनी आमच्या माडीवर पुन्हा उभा राहील, अशी कल्पना मात्र आम्हांस नव्हती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा संगणकशास्त्र शिकण्यासाठी बऱ्हाणपुराहून येथे आला. वसतिगृहातील जेवण त्याला मानवेना, म्हणून माडीवरची खोली त्याला दिली. सोबत त्याने कपड्यांची पेटी, मामीसाठी बऱ्हाणपूरची खव्याची जिलबी आणि कुणाचा तरी वापरून झालेला एक जुना लॅपटॉप आणला होता. सकाळी शेव आणि जिरावण भुरभुरलेले पोहे खाऊन स्वारी सायकलवर महाविद्यालयात जाई, ती उन्हे कलल्यावर परते. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत माडीवर दिवा जळत असे. मुलगा अभ्यासू आहे, असे समजून आम्ही निर्धास्त होतो.

एके रात्री अकराच्या सुमारास माडीवरून “गेलं! सगळं गेलं!” असा आक्रोश ऐकू आला. आम्ही धावत वर गेलो. मुलगा सुखरूप होता. गेले होते ते लॅपटॉपमधले सर्व काही. मूळची कार्यप्रणाली त्या जुन्या यंत्राला झेपत नव्हती, म्हणून त्याने एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून ‘लिनक्स’ नावाची दुसरी प्रणाली बसवली होती, आणि ती बसवताना पूर्वीचा सारा संसार पुसून टाकला होता. बरे, नवी प्रणाली सुरू झाली, तर वाय-फाय चालेना. कारण विचारता तो म्हणाला, “मामा, या यंत्राशी बोलणारा दुभाषा हिच्याकडे नाही. तो इंटरनेटवरून आणावा लागेल.” इंटरनेट आणण्यासाठी इंटरनेट हवे! अखेर मोबाइल फोन तारेने जोडून त्याने पहाटेपर्यंत तो दुभाषा पैदा केला. सकाळी पोह्यांच्या बशीवर त्याचे डोळे मिटत होते. पण चेहऱ्यावर गड सर केल्याचे समाधान होते.

“हे झेंगट घेतलेस कशाला?” आम्ही विचारले.

“फ्री आहे, मामा.”

“म्हणजे फुकट आहे, म्हणून!”

“फुकट तर आहेच, पण ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. मुक्त.”

आम्हांस एकदम वडिलांची ओसरी आठवली. त्या दिवसापासून शिकवणीत आमची जागा बदलली: भाचा गुरुजी झाला आणि आम्ही बाकावर बसलो.

त्याने सांगितले ते असे. संगणकाचा प्रत्येक व्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीची आज्ञावली बहुधा तिचा मालक कुलपात ठेवतो. आपण तिचा वापर विकत घेतो. आत काय चालले आहे ते पाहण्याची मुभा नसते. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरावी, उघडून अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी चार स्वातंत्र्ये सर्वांना असावीत, हा त्यांचा आग्रह. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जगाला कळवले की, आपण निव्वळ छंद म्हणून अशा प्रणालीचा गाभा लिहीत आहोत. पुढच्याच वर्षी त्याने तो ग्नू प्रकल्पाच्या परवान्याखाली सर्वांस खुला केला. मौज अशी की, या मुलाने आपल्या कृतीसाठी आधी ‘फ्रीक्स’ असे नाव योजले होते आणि त्यातही ‘फ्री’ होताच! ‘लिनक्स’ हे नाव रूढ झाले ते त्याच्या एका सहकाऱ्यामुळे. फ्रीगंजच्या माडीवर ही कथा ऐकताना आम्हांस ती फार परकी वाटली नाही.

विद्यार्थ्याच्या दैनंदिन आयुष्यात मात्र या स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते. त्याच्या महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पण तेथील प्रयोगशाळेत निळ्या पडद्याचे, आमच्या ऐन तारुण्याच्या काळातले एक साधन अजून वापरात होते. घरी नव्या पद्धतीने बिनचूक चाललेला कार्यक्रम तेथे अडे, आणि तेथे चालणारा घरी नाकारला जाई. तेव्हा त्याने दोन वह्या केल्या: एक परीक्षेसाठी, दुसरी खरी. मित्र त्याच्या काळ्या पडद्यावरील पांढऱ्या ओळी पाहून “पंडितजी, मंत्र चालू द्या” म्हणून चेष्टा करीत; पण कुणाचे यंत्र बंद पडले की त्याच पंडितजींना बोलावणे येई. एका तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी दुसरी वही पाहिली, अर्धा तास प्रश्न विचारले आणि जाताना आपलाच पेनड्राइव्ह पुढे केला. त्या दिवशी आमच्याकडे जिलबी आली.

एका रविवारी आम्ही त्याला वेधशाळेत घेऊन गेलो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहांनी क्षिप्रेजवळ उभारलेली ही यंत्रे पुढे जीर्ण झाली. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने त्यांचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तेथील अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या जिन्याची सावली चाप्यावर पडते आणि उज्जैनची स्थानिक वेळ सांगते. ती आपल्या घड्याळाशी जुळत नाही, कारण आपले घड्याळ ८२½ अंश रेखांशाचे आणि उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. म्हणून सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात. सूर्याच्या गतीमुळे पडणारा थोडा फरक ऋतुमानाप्रमाणे आणखी सुधारावा लागतो. भाचा कितीतरी वेळ सावलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, हा दगडाचा संगणक पूर्ण उघडा आहे. काही लपवलेलेच नाही. चूक असेल तर कोणीही दाखवू शकेल.” आपटेशास्त्री हे ऐकते, तर प्रसन्न झाले असते. पंचांगकर्त्याने गणित झाकून ठेवले, तर त्याच्या ग्रहणावर विश्वास कुणी ठेवावा?

आता या साऱ्याचा आमच्या घराशी जो संबंध आला तो सांगतो.

आमचे आजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत ग्वाल्हेरहून येथे आले. त्या पिढीच्या आठवणी वडिलांनी म्हातारपणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. लग्नकार्ये, सिंहस्थाची गर्दी, संस्थान विलीन झाले तो काळ, मराठी घरांतील गणपती असे सारे त्यांत होते. २००३ साली आम्ही त्या फ्रीगंजमधल्याच एका टंकलेखकाकडून संगणकावर उतरवून घेतल्या. वडील २००९ साली गेले. वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि एकुलती छापील प्रत एका नातेवाइकांनी वाचावयास नेली ती परत आलीच नाही. उरली एक तबकडी. ती मोठ्या विश्वासाने भाच्याच्या हाती दिली, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे! एकही मराठी शब्द नाही. वडिलांचा आवाज बंद झाल्याचे त्या क्षणी दुसऱ्यांदा जाणवले.

दोष तबकडीचा नव्हता. त्या काळच्या टंकांत संगणक रोमन अक्षरच साठवीत असे. केवळ त्याला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. मुखवटा हरवला की मागे उरते ती निरर्थक रोमन रांगोळी. देवनागरीला जगाच्या अक्षरसूचीत, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतःचे स्थान १९९१ सालीच मिळाले होते. परंतु गावोगावच्या दुकानांत ते पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागली. तो विशिष्ट मुखवटा आता आमच्याजवळ नव्हता.

भाचा म्हणाला, “मामा, काही अक्षरे ओळखा. बाकीची मी काढतो.” आम्हांस जेम्स प्रिन्सेप आठवले. सांचीच्या स्तूपावरील छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात, हे पाहून त्यांनी ती ‘दानं’ असावीत असे ताडले आणि १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. वडील प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ‘श्री’ घालीत. तेथून आरंभ केला. ‘श्री’ सापडले, मग ‘उज्जयिनी’, मग आईचे नाव. भाचा तक्ता वाढवीत गेला आणि त्यावरून एक लहानसा कार्यक्रम लिहीत गेला. सतराव्या रात्री पहिले पान मराठीत उमटले. सौ. दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

परंतु खरे काम पुढेच होते. आमच्या मुंजीच्या वर्णनात एक वाक्य निघाले: ‘आचार्यांना विडी ओढताना पाहून आजी संतापली.’ आमच्या घरात असे आचार्य कोण, हे आम्हांस कळेना! मग ध्यानात आले की, हे आचार्य नव्हेत, आचारी होत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत जो बारीक अर्धचंद्री रकार आहे, तो हिंदीत नाही. हिंदी माध्यमात शिकलेल्या भाच्याने सारे रकार एकाच साच्यात घातले होते. त्यामुळे दऱ्यांचे दर्या झाले होते. त्या रात्री आमची एम.ए.ची पदवी प्रथमच घरच्या उपयोगी पडली. आम्ही नियम सांगावा आणि त्याने तो आज्ञावलीत बसवावा, असे महिनाभर चालले. मराठी कुटुंबांत मुलगा मराठीपासून दुरावतो, असे आपण म्हणतो. आमचा भाचा मात्र एका रकाराच्या वाटेने पुन्हा आत आला.

संक्रांतीला बहीण आली. मुलगा मध्यरात्रीपर्यंत हे करतो पाहून ती धास्तावली. “दादा, फुकटच्या कामावर याचं पोट कसं भरेल?” तिच्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७पासून याच प्रणालीवर चालतात, हे आम्ही नुकतेच पाठ केलेले उत्तर दिले. तिचे अर्धे समाधान झाले. उरलेले अर्धे नेमणुकीचे पत्र आल्यावर होईल, आणि आईच्या बाबतीत ते योग्यच आहे. येत्या वर्षी तो पुण्यास किंवा बंगळुरास जाईल. माडीवरचा दिवा लवकर मालवू लागेल, याची आम्ही मनाची तयारी करीत आहोत.

त्याने तो कार्यक्रम कुलूप न लावता जगापुढे ठेवला आहे. गेल्या महिन्यात बडोद्याच्या कुणा अनोळखी गृहस्थांनी त्यात एक चूक दाखवून दिली आणि दुरुस्तीही पाठवली. आम्ही ‘ऱ्य’ सांभाळला होता. ‘ऱ्ह’ विसरलो होतो. वडिलांच्या आठवणींत बहिणीच्या लग्नाचे गाव सर्वत्र ‘बर्हाणपूर’ असे छापले गेले होते, आणि खुद्द बऱ्हाणपूरच्या मुलाच्या ते ध्यानात आले नव्हते, एम.ए. झालेल्या मामांच्याही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे टॉवरपर्यंत फिरून आलो. वाटेत त्याने विचारले, “मामा, आजोबांचं बरोबर होतं की शेजारच्या आजोबांचं?” आम्ही म्हटले, जागा फुकट मिळाल्या असतील तर त्या घेणाऱ्यांबरोबर संपल्या, मोकळीक मिळाली असेल तर ती अजून चालू आहे. तो हसला आणि घरी येताच बडोद्याच्या गृहस्थांना आभाराचे पत्र लिहावयास बसला. मराठीत लिहिले. आम्ही फक्त दोन रकार सुधारले.