आतल्या बाजूची रेघ

संगमनेरच्या बाजारात माठ मांडून बसलं की एखादं गिऱ्हाईक विचारतंच, "रोज तीच माती, तेच चाक. जीव उबत नाही का हो?" उबत नाही. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर माणसाला चाकाजवळ आणून बसवावं लागेल.

गोळा चाकावर ठेवला की आधी तो हातांना हिसके देतो. एका अंगाने जड, दुसऱ्या अंगाने हलका. दोन्ही तळहातांनी दाबायचा, ओल्या हाताने वर चढवायचा, पुन्हा खाली बसवायचा. मग एकाएकी हिसके थांबतात. चाक तेवढ्याच वेगाने फिरत असतं, पण गोळा जागच्या जागी उभा आहे असं वाटतं. डोळ्यांना हालचाल दिसत नाही, तळहाताला नुसता गारवा कळतो. पोरवयापासून हे बघत आलोय, तरी त्या घडीला माझा श्वास अजून अडतो. अंगठा आत घालण्याआधी मी थोडा थांबतोच. कामाला त्याची गरज नसते, मला असते.

आमची माती सोपी नाही. प्रवरेकाठची काळी माती चिकट असते. ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून तिच्यात नदीकाठचा बारीक गाळ घालायचा, चाळलेली राख आणि लीद घालायची, भिजवून मुरू द्यायची आणि मग पायाने तुडवायची. माझी आई तुडवता तुडवता टाचेखाली खडा ओळखायची आणि वाकून नेमका तोच काढायची. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. वैशाखात तुम्ही जो गार घोट घेता, तो त्या जळून गेलेल्या लिदीचा आहे. उकिरड्यावर जाणाऱ्या वस्तूने पाणी गार करायचा हा विचार पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी मात्र त्या माणसाला रोज मनातल्या मनात हात जोडतो.

आणि भट्टी! कच्चं मडकं कितीही वाळवा, पाण्यात टाकलं की विरघळून पुन्हा चिखल होतं. आच पाचशे-सहाशे अंशांच्या घरात गेली की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि त्यानंतर ती परत कधीही चिखल होत नाही. परतीची वाट बंद. पाचट, गोवऱ्या आणि लाकडं यांच्या जाळाने हे घडतं, हे पिढ्यान् पिढ्या माहीत असूनही दुसऱ्या दिवशी राख बाजूला सारताना हात जरा हळूच पुढे होतो.

माझ्या धंद्याचं वय किती, हे मला जोर्व्यामुळे कळलं. जोर्वे हे संगमनेरच्या पूर्वेला प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. तांब्याच्या कुऱ्हाडी तिथल्याच, पण नाव झालं ते खापरांचं. लाल अंगावर काळ्या रंगाच्या रेघा, जाळी, तिरपे फराटे अशी ती भांडी तापीपासून भीमेपर्यंत ठिकठिकाणी निघाली आणि इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातल्या अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव मिळालं. प्रवरेच्याच काठाने खाली गेलं की दायमाबाद आणि नेवासा. दायमाबाद म्हटलं की १९७४ मध्ये तिथे सापडलेला काशाचा बैलरथ आणि हत्ती लोकांना आठवतात. आठवावेतच, ते काम थोर आहे. माझं मन मात्र तिथल्या वाट्यांकडे धावतं.

पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात ही भांडी काचेआड ठेवलेली आहेत. येणारी माणसं बाहेरची नक्षी बघतात. मी वाकून आत बघतो. चाकावरच्या भांड्यात आतल्या बाजूला बोटांच्या रेघा उठतात, तळापासून काठापर्यंत फिरत वर जाणाऱ्या. बाहेरून आपण ओलं फडकं फिरवतो, रंग देतो. आत कुणी बघत नाही म्हणून त्या तशाच राहतात. भांडं चाकावर झालं की नुसत्या हाताने, हे जाणकार याच रेघांवरून ओळखतात. मला त्या रेघेत आणखी काही दिसतं: माणूस कुठे घाईत होता, कुठे बोट थबकलं, काठाशी येताना कुठे दाब हलका केला. तीन हजार वर्षांपूर्वीचा हात मला माझ्या शेजारी बसलेला वाटतो.

या खापरांचं आणखी एक वैशिष्ट्य तज्ज्ञ आवर्जून सांगतात. टिचकी मारली की ती धातूसारखी वाजतात. बारीक केलेली माती आणि भरपूर आच, याशिवाय असा नाद येत नाही. आमच्याकडेही पारख कानानेच. तडा डोळ्याला दिसत नाही तेव्हा तो बोटाच्या पेराला ऐकू येतो. 'ठण' आलं तर मडकं पक्कं, 'बद' आलं तर बाजूला. गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं-पक्कं पारखल्याची गोष्ट सगळे कच्च्या ठरलेल्या नामदेवांसाठी सांगतात. कुंभाराच्या घरात ती ऐकताना आमचं लक्ष गोरोबांच्या कानाकडे असतं.

रोजच्या गोष्टीतलं नवल सवयीने मरतं असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. शिकत होतो तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. सगळं ध्यान भांडं कोसळू नये यात. हात सरावले, त्यांना माझी गरज उरली नाही, तेव्हा डोळे मोकळे झाले. ओल्या काठावरून उतरणारा उजेड, दोऱ्याने कापल्यावर तळाशी उमटणारं शिंपल्यासारखं वळण, हे सगळं नंतर दिसू लागलं. हजारदा केल्याशिवाय ते दिसतच नाही.

मडक्याची एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सोडताही येत नाही. गावात मयत झालं की रात्री-अपरात्री मडक्यासाठी दार वाजतं. मागणारा भाव करत नाही, आम्ही भाव सांगत नाही. ते मडकं लगेच फुटणार असतं, तरी मी ते वाजवून बघूनच देतो. मयताशी मडक्याचं हे नातं जुनं आहे. जोर्वे काळात मूल दगावलं तर घराच्याच जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यात मुलाला निजवत. नेवाशाला, दायमाबादला, शिरूरजवळच्या इनामगावला अशी दफनं निघाली. सोबत तोटीचं भांडं आणि वाटी ठेवलेली असे. मुलाला तहान लागेल म्हणून असेल. अशा दफनाचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन काठांकडेच बघत राहिलो. घरच्या वापरातलंच भांडं, पण त्या दिवशी ते आईने कोणत्या हातांनी उचललं असेल!

आता संक्रांत आली आहे. सुगडांचं काम अंगणभर पसरलंय. मोठा गोळा चाकावर बसवायचा आणि त्याच्या शेंड्यातून एकेक सुगड काढत दोऱ्याने उतरवत जायचं. ते इतकं भराभर होतं की बघणाऱ्याला एकच सुगड पुन्हा पुन्हा उतरतंय असं वाटावं. प्रत्येकाच्या पोटात बोट एकदाच फिरतं. तुमच्या घरी सुगडं येतील तेव्हा बोरं, हरभरा, उसाची पेरं आत घालण्याआधी एक सुगड जरा उजेडाकडे तिरपं धरा.