शेरखानाचे शंकरपाळे

रविवारी बुद्धवंदना आटोपली की वसतिगृहातील दूरदर्शन संचासमोर जागेसाठी रेटारेटी होई. 1993 मधील ती ‘जंगल बुक’ मालिका जपानमध्ये तयार झालेली; पण हिंदीतील शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा, आणि मोगलीचे सिवनीचे डोंगर म्हणजे आमच्या मेळघाटाच्याच सातपुड्याची रांग. त्यामुळे मोगली आम्हांला दर्यापूर-मूर्तिजापूरकडचाच कुणी वाटे.

रविवार हाच पालकभेटीचाही दिवस. कापूसवेचणीच्या हंगामात एका दिवसाची मजुरी बुडवून, वर एस.टी.चे भाडे भरून येणे अनेकांच्या आईवडिलांना जमत नसे. इतरांचे डबे उघडले जात, तेव्हा काही मुले उगाच निंबाखाली जाऊन बसत. म्हणून दुपारी भोजनगृहात सर्वांसाठी गूळपाण्यात कणीक भिजविली जाई. शंकरपाळ्यांच्या त्या कणकेचा चपटा शेरखान, अंगावर सुरीने ओढलेले पट्टे. चकलीसारखा गुंडाळलेला ‘का’ अजगर. काळ्या तिळांत घोळविलेला बघीरा. अस्वल बालू सर्वांत सोपा. लाडू मुळातच त्याच्यासारखा दिसतो. मावशी ओरडत, “पोट्टेहो, वाघ येवढा मोठा नोका करू, लय तेल पेते!” भंतेजी गंभीर चेहऱ्याने विचारीत, “यात प्राणिहत्या तर नाही ना?”

ज्याच्याकडे कोणी आले नाही, त्याने ताटातून प्रथम उचलायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बहुतेक जण शेरखानच उचलीत.

मोगली आम्ही एकदाच केला. तो कोणी खाल्ला नाही. एका पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता, तेथून मुंग्यांनी नेला.