सहल निर्विघ्न पार पडली

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कापणी, मळणी आणि दिवाळीला आलेली माणसं यांत दिवस कसे गेले ते कळलं नाही. आता नातवंडं परत गेली, घर शांत झालं, तेव्हा डोक्यात घोळणारा एक विषय लिहून मोकळा होतो. विषय खेळाचा आहे, आणि तोही माझ्या वयाला न शोभणाऱ्या खेळाचा. पण फिरत फिरत तो माझ्याच शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला, म्हणून लिहितोय.

झालं असं, की रात्री जेवणं आटोपली की ओसरीवर सतरंजी टाकून नातू, नात आणि नातवाचे नागपूरच्या कॉलेजातले दोन मित्र खेळायला बसत. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मी आपला कोपऱ्यात खुर्ची टाकून सुपारी कातरत ऐकत असे. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वाटलं, अरे, हे तर आपलं झाडीपट्टीतलं नाटकच, फक्त संहिता नसलेलं! एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता? बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. ज्याला जे सुचेल ते त्यानं बोलायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. हरणं-जिंकणं असं काही नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ काढला. मी नोकरीला लागलो त्याच सुमाराची गोष्ट.

तिसऱ्या रात्री नात चिडून उठली. "मी नाही खेळत. रेंजर बॅलन्स्डच नाहीये!"

मी दचकलो. कारण आमच्या गोंदिया जिल्ह्यात रेंजर म्हणजे वनखात्याचा साहेब! जंगलातून सरपण आणताना ज्याची जीप दिसली की माणसं मोळी टाकून पळायची तो. आता सरकारी कागदावर वनपरिक्षेत्र अधिकारी लिहितात, पण लोकांच्या तोंडी रेंजरच. खेळातला रेंजर मात्र साहेब नाही. तो रानात वाढलेला, धनुष्यबाण चालवणारा, पायाचे ठसे ओळखणारा माणूस. खेळ निघाल्याच्या पुढच्या वर्षी, १९७५ साली, हे पात्र त्यात आलं.

"बॅलन्स्ड नाही म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"आबा, सगळ्यांना काहीतरी भारी करता येतं. जादूगार पाचव्या पायरीला आगीचा गोळा टाकतो, आठ फासे एकदम! मी काय करते? माझ्यामुळे कोणी रस्ता चुकत नाही. बास!"

नातू सूत्रधार होता. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकतो, त्यामुळे त्यानं लगेच हिशेब मांडला. रेंजरच्या मोठ्या धनुष्याला आठ बाजूंचा फासा, सरासरी साडेचार. शिकारीची खूण लावली की वर सहा बाजूंचा, सरासरी साडेतीन. म्हणजे लागलेल्या प्रत्येक बाणाला आठ, शिवाय अंगच्या चपळाईचे अधिक. पाचव्या पायरीला असे दोन बाण. "योद्ध्यापेक्षा फार कमी नाहीये ती. उगाच रडते." मित्रांनी माना डोलावल्या. गणित बरोबर होतं. तरीही नात नाराज होती, आणि मला वाटलं की तीही बरोबरच आहे. वर्गात असं पुष्कळदा झालेलं आहे. बेरीज बरोबर येते आणि तरी पोरगं रडत असतं. अशा वेळी बेरीज पुन्हा करण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नातवाकडून ते नियमांचं पुस्तक समजून घेतलं. त्याच्याकडचं पुस्तक २०१४ सालचं, पाचव्या आवृत्तीचं. माझं इंग्रजी बेताचं, तो वाचून सांगत होता. त्यात बारा प्रकारची पात्रं. रेंजरला पहिल्याच पायरीवर एक गुण मिळतो. अरण्य, वाळवंट, डोंगर, दलदल अशा आठ मुलखांतला एक आपला म्हणून निवडायचा. त्या मुलखात त्याच्याबरोबर असलेली टोळी वाट चुकत नाही, अवघड जमिनीनं तिची चाल मंदावत नाही, आणि शोधायला गेला तर तो दुप्पट अन्न आणतो. वाट चुकलीच तर फक्त जादूनं चुकेल. (इथे मी विचारलं, चकवा लागला तर? चकवा जादूत धरायचा की नाही? नातवाला उत्तर देता आलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना चकवा ठाऊक नसावा!)

वाचताना मोठा गुण वाटतो. पण ओसरीवर काय होत होतं ते मी पाहिलं होतं. सूत्रधार म्हणे, "तुम्ही जंगलात शिरता. बरोबर रेंजर आहे? मग काही अडचण नाही. चार दिवसांनी किल्ल्यापाशी पोचलात." संपलं जंगल! जादूगारानं गोळा टाकला की सगळे ओरडत, फासे मोजत, पाच मिनिटं तोच विषय. रेंजरनं आपलं काम चोख केलं की त्यातून काही घडतच नसे. आणि जे घडत नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार?

हे एकट्या माझ्या नातीचंच म्हणणं नव्हतं. नातू सांगत होता, जगभरच्या खेळणाऱ्यांनी या रेंजरवर तक्रारी केल्या. त्याचा एक प्रकार तर पाळीव जनावर घेऊन हिंडणारा. पण जनावराला हल्ला करायला सांगायचं तर सुरुवातीला स्वतःची पाळी सोडावी लागे! २०१५ आणि २०१६ साली कंपनीनं सुधारलेले रेंजर तपासणीसाठी लोकांपुढे ठेवले, २०२० सालच्या पुस्तकात पर्याय दिले, २०२४ साली पुस्तकच नव्यानं काढलं आणि ती शिकारीची खूण त्याला कायमची देऊन टाकली. तरी कुरकुर आहेच. मला त्यात एक गंमत दिसली. बहुतेक दुरुस्त्यांचा रोख रेंजरला लढाईत जास्त कामाचं करण्याकडे. म्हणजे पोरगं रानात हुशार आणि पेपरात नापास, तर द्या ग्रेसचे मार्क! पण पेपरात रानाचा प्रश्न घालायचं मनावर कोण घेणार?

समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे हे आपल्याकडे लहान पोरालाही कळत असे. आम्ही देवळाच्या फरशीवर कोळशानं घर आखून वाघ-बकरी खेळायचो. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. दोघांचं बळ वेगळं, काम वेगळं, आणि तरी डाव रंगायचा. नेपाळात यालाच बाघचाल म्हणतात, तिथे चार वाघ आणि वीस बकऱ्या. तो डाव संगणकशास्त्राच्या लोकांनी पूर्ण सोडवून पाहिला, तर दोघांनीही चूक केली नाही तर बरोबरी सुटते म्हणे. पण त्यात बकरीच्या प्रत्येक चालीला पटावर जागा असते. बकरी हलली की वाघाला विचार करावा लागतो. रेंजर हलला तर ओसरीवर कोणालाच विचार करावा लागत नव्हता.

हे नातवाला सांगितलं. म्हणालो, "दोष रेंजरचा कमी, तुझा जास्त. तू जंगल एका वाक्यात संपवतोस."

तो हसून म्हणाला, "मग तुम्हीच सांगा आबा, जंगलात काय असतं?"

आणि मंडळी, इथे मला ती सहल आठवली.

१९८४ सालचा हिवाळा. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत होतो. (तेव्हा जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला.) आठवी-नववीची चाळीसेक मुलं घेऊन नवेगावबांधचा तलाव पाहायला पायी गेलो. परतताना उशीर झाला म्हणून मी जंगलातून आडवाट धरली. आज विचार केला की अंगावर काटा येतो. पुढे एक मुलगा चालत होता, रानाला लागून असलेल्या गावचा. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा. एका ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, इकडून नोका जाऊ जी. बोरीखाली अस्वल येते या टायमाले." आम्ही वळसा घेतला. पुढे कुठेतरी चितळ ओरडलं तेव्हा त्यानं हात वर करून सगळ्यांना उभं केलं, जरा वेळानं वाट बदलली. एकदा नाल्याकाठी पाणी कुठलं प्यायचं ते दाखवलं. दिवेलागणीला आम्ही गावात. एकाही पोराला खरचटलंसुद्धा नाही.

शाळेच्या वार्षिक अहवालात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "सहल निर्विघ्न पार पडली." त्या मुलाचं नाव त्यात नाही. मला तेव्हा खरंच वाटलं नव्हतं की त्यानं काही केलं. विघ्नच आलं नाही, तर निवारलं कोणी हे कशाला विचारायचं? अस्वल दिसलं असतं, पोरं पळाली असती आणि त्यानं काठी घेऊन हाकललं असतं, तर शाळेत सत्कार केला असता आम्ही त्याचा.

तो दहावीत इंग्रजी आणि गणितात राहिला. पुन्हा बसला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. जाता आलं असतं.

त्याच नवेगावला वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली होते. मोठा माणूस, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. ते शिकलेले, साहेब. पण इथल्या रानातलं आपण माधवराव पाटील डोंगरवारांकडून किती शिकलो, हे त्यांनी पुस्तकांत नाव घेऊन लिहून ठेवलं. म्हणून आज माधवरावांचं नाव आपल्याला ठाऊक. माझ्याही हातात लेखणी होती. मी "निर्विघ्न" लिहिलं.

असो. नातवाला जंगल सांगितलं. वाघ निघाला की वानर कसं खेकरतं, चितळ कसं ओरडतं. मोहाखाली पहाटे जायचं असेल तर अस्वलाचं भान कसं ठेवायचं. उन्हाळ्यात कोरड्या नाल्याच्या वाळूत झिरा कुठे काढायचा. रात्री चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी कसा येतो. म्हणालो, "रेंजरला हे सगळं कळू दे, पण निर्णय तिला घेऊ दे. जवळची वाट अस्वलाची, लांबच्या वाटेला पाणी नाही. सांग म्हणावं, कुठून नेतेस?"

त्या रात्री दोन तास जंगलच चाललं. नातीचा चेहरा बघण्यासारखा होता. योद्धा आणि चोर तिच्या तोंडाकडे बघत, "आता कुठे?" म्हणून विचारत. तिनं लांबची वाट धरली, वाळू उकरून पाणी काढलं, आणि तिच्या आकड्यांत एकाचाही फरक केलेला नव्हता.

पण खरं ते सगळं सांगितलं पाहिजे. दीड तासानं जादूगार झालेला मित्र जांभया द्यायला लागला. शेवटी म्हणाला, "आबाजी, आज जादूगार बॅलन्स्ड नाही!" सगळे हसले. मीही हसलो, पण बोलला ते खरं होतं. एकाला पाळी द्यायची म्हणजे दुसऱ्याची थोडी काढून घ्यायची. सूत्रधाराला ते रोज रात्री नव्यानं करावं लागणार, पुस्तक कितीही सुधारलं तरी. चाळीस पोरांच्या वर्गात तर ते किती अवघड, हे शिक्षक असलेल्या वाचकांना सांगायला नको. अवघड होतं म्हणून जमलं नाही, असं मी स्वतःला सांगू शकतो. पण मी प्रयत्नच केला नव्हता.

तो मुलगा मला पुढे एकदाच भेटला. निवृत्तीनंतर काही कामानं गोंदियात एका राइस मिलवर गेलो होतो. पोती वाहणाऱ्यांतला एकजण थांबला, अंगावर कोंड्याचा पांढरा थर, पायाला हात लावून म्हणाला, "वळखलं का जी गुर्जी? तुमच्यासंगं नवेगावले गेलो होतो." मी "हो हो, बरा आहेस ना" म्हणालो. खोटं बोललो, ओळखलं नव्हतं. त्याला मात्र सगळी शाळा सोडून तेवढाच एक दिवस सांगावासा वाटला. त्या दिवशी चाळीसजण त्याच्यामागून चालले होते.

दिवाळीनंतर जुन्या कागदांत त्या अहवालाची माझी प्रत शोधली. सापडली. त्या वाक्याखाली पेनानं एक ओळ लिहिली, त्याच्या नावासकट. आता कोण वाचणार म्हणा. पण लिहिली.

मोर्शीच्या ताई, तुम्हीही शिक्षिका होता. तुमच्याही एखाद्या निर्विघ्न सहलीत पुढे कोण चालत होतं, आठवतं का? आठवलं तर कळवा.