गुडघ्यातली सुई

आमच्या घरात मांडी घालून बसण्यावर चूल पेटायची. आई सकाळीच सूप मांडीवर घ्यायची. त्यात भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. हजार विड्या होईपर्यंत ती उठायची ती फक्त भाकरीपुरती. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हेच होतं: पुरुष मागावर, बाया सुपापाशी.

चाळिशीत तिचे गुडघे सुजू लागले. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. तिथं काचेची सिरिंज स्टीलच्या डब्यात उकळत असायची. आई कंबरेत सुई घेऊन यायची आणि दोन दिवस तिचा चेहरा मोकळा दिसायचा. सुईत काय असतं हे आम्ही कधी विचारलं नाही.

पुढे हाडांच्या डॉक्टरांनी थेट गुडघ्यातच स्टेरॉइड दिलं. आधी सांध्यात साठलेलं पिवळसर पाणी काढलं. मी तिचा पाय धरून होते. तिसऱ्या दिवशी ती भिंतीचा आधार न घेता उठली. डॉक्टरांनी बजावलं होतं: सूज उतरेल, पण झिजलेली कूर्चा परत येणार नाही, वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त सुया नकोत, आणि गुडघ्याला विसावा द्या. आईनं त्या आठवड्यात रोज बाराशे विड्या वळल्या. कुंभारीला विडी कामगार बायांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहत होती, दहा हजार घरांची. त्यातल्या एका घराचे हप्ते तिला फेडायचे होते. २००६मध्ये किल्ली हातात आली. तोवर तिच्या गुडघ्यात किती सुया झाल्या, मी मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या. सुईनंतर काही दिवस साखर चढते, हेही आम्हाला ती चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं.

१९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची पहिली इंजेक्शनं दिली. काही दिवसांत ती चालू लागली आणि बाजारात खरेदीला गेली. १९५०चं नोबेल या कामाला मिळालं. हे वाचताना मी त्या बाजारापाशीच थांबले. बरं वाटल्यावर आई कधी बाजार फिरायला गेली नाही.

गेल्या वर्षी माझ्या अंगठ्याच्या सांध्यात सुई घेतली. बँकेत अर्ज टाकला, आठ दिवस घरी राहिले. आईनं माझा अंगठा आपल्या तळव्यात घेतला.

"खाडा धरत नाहीत?"

"नाही आई, पगारी रजा आहे."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं.